मजुरी शहरात, आधार गावात : ऊसतोड, दादरच्या शाळा आणि कैवन मुन्शींचं संशोधन

बीड जिल्ह्यात एम.ए. अर्थशास्त्र करणाऱ्या एका विद्यार्थ्याने विचारलं आहे : "प्रबंधासाठी ऊसतोड कामगारांचं स्थलांतर आणि त्यांच्या मुलांचं शिक्षण हा विषय घेतला आहे. सरांनी कैवन मुन्शी यांचे लेख वाचायला सांगितले. वाचले, पण जातीचं जाळं, विमा वगैरे माझ्या तालुक्याला कसं लावायचं ते समजत नाही. शहरात मजुरी जास्त असूनही लोक कायमचे का जात नाहीत? आणि जे हंगामापुरते जातात त्यांची मुलं शाळेतून का गळतात?"

तुमचे हे दोन प्रश्न वेगवेगळे दिसतात, पण मी त्यांचं उत्तर एकत्रच देणार आहे. स्थलांतरावर मी बरीच वर्षं काम करते आहे आणि या दोन गोष्टी वेगळ्या करून मोजल्या की दोन्ही चुकतात असा माझा अनुभव आहे.

आधी मुन्शींचा मूळ मुद्दा पाहू. कैवन मुन्शी आणि मार्क रोझेनझ्वाइग या दोन अर्थशास्त्रज्ञांचा २०१६ चा लेख तुम्ही वाचलाच असेल. त्यांचा प्रश्न सरळ आहे. २००४ च्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणात शहरातली मजुरी गावातल्यापेक्षा बरीच जास्त दिसते, आणि शहरातली महागाई वजा केली तरी फरक २५ टक्क्यांहून अधिक उरतो. चीन आणि इंडोनेशियात हाच फरक दहा टक्क्यांच्या आसपास आहे. म्हणजे भारतातल्या पुरुषाला गाव सोडण्याने मिळणारा फायदा मोठा आहे, तरी कामासाठी कायमचं शहरात जाणाऱ्यांचं प्रमाण इतर मोठ्या विकसनशील देशांच्या मानाने फारच कमी आहे. अडाणीपणा, गावाची ओढ, शहरात ओळख नसणं ही ठरलेली उत्तरं त्यांनी पुरेशी मानली नाहीत. गाव सोडताना माणूस नेमकं काय गमावतो, हे त्यांनी शोधलं.

त्यांचं उत्तर असं की तो आधार गमावतो. दुखणं आलं, बैल मेला, पाऊस गेला, लग्न निघालं की गावातल्या माणसाला पैसा कोण देतं? बँक देत नाही. सावकार देतो, पण त्याचं व्याज कंबर मोडतं. भावकी आणि जातीतले लोक मात्र देतात. त्या उसनवारीला तारण नसतं, पुष्कळदा व्याजही नसतं, आणि परतफेडीची तारीख अडचण पाहून पुढे सरकते. राष्ट्रीय उपयोजित आर्थिक संशोधन परिषदेच्या ग्रामीण सर्वेक्षणांतून त्यांनी दाखवलं की जातीतल्या लोकांकडून घेतलेल्या कर्जाच्या अटी बाकी सगळ्यांपेक्षा सौम्य असतात. हे चालतं, कारण सगळे एकमेकांच्या नजरेसमोर असतात. कुणाचं किती पिकलं ते सगळ्यांना ठाऊक असतं, आणि हात आखडता घेणाऱ्याला पुढच्या अडचणीत कुणी उभं करत नाही. माणूस पुण्याला गेला की त्याची कमाई दिसेनाशी होते आणि त्याच्यावरचा वचकही सुटतो. मग गावकीच्या देण्याघेण्यातलं त्या घराचं स्थान हळूहळू सैल होतं.

हे नुसतं तर्काने मांडलेलं नाही. इक्रिसॅट या कोरडवाहू शेतीवरच्या संशोधन संस्थेने १९७५ पासून काही गावांतल्या कुटुंबांची वर्षानुवर्षं नोंद ठेवली. त्यांत मोहोळ तालुक्यातलं शिरापूर आणि अकोला जिल्ह्यातलं कानझरा ही आपली गावं आहेत. अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट टाउनसेंड यांनी १९९४ मध्ये याच नोंदींवरून दाखवलं की एखाद्या घराचं त्या वर्षीचं उत्पन्न कोसळलं तरी त्या घरातलं खाणंपिणं तितकं कोसळत नाही. ते संपूर्ण गावाच्या बऱ्यावाईट वर्षाबरोबर हलतं. म्हणजे धक्का वाटून घेतला जातो. पूर्णपणे नाही, आणि त्यांनी पाहिलेल्या तीनपैकी एका गावात भूमिहीनांच्या बाबतीत तर शेजाऱ्यांपेक्षा कमी. ही शेवटची गोष्ट अधोरेखित करून ठेवा, पुढे लागणार आहे.

याच गावांवरचा आणखी एक लेख तुम्ही वाचावा अशी माझी इच्छा आहे : रोझेनझ्वाइग आणि ओडेड स्टार्क यांचा, १९८९ चा. आपल्याकडे सर्वाधिक स्थलांतर होतं ते बायकांचं, लग्नामुळे, आणि अर्थशास्त्राने त्याला स्थलांतर म्हणायचंसुद्धा टाळलं होतं. या दोघांनी दाखवलं की ज्या शेतकरी घरांचं उत्पन्न जास्त बेभरवशाचं, ती घरं मुली जास्त लांबच्या गावांत देतात. लांबच्या गावाचा पाऊस वेगळा, त्यामुळे इथे दुष्काळ पडला तर तिथले सोयरे मदतीला येऊ शकतात. अशा सोयरिकींमुळे घरातल्या खाण्याच्या खर्चाचे चढउतार कमी होतात, असं आकड्यांत दिसलं. मराठवाड्यातल्या कुठल्याही आजीला विचारा, दिलेल्या मुलींच्या गावांची नावं सांगताना ती तिथल्या पाण्याचीही माहिती देते.

आता मुन्शींच्या लेखातली कसोटी. त्यांचं म्हणणं खरं असेल तर गाव कोण सोडेल? साधा अंदाज म्हणेल की सर्वांत गरीब. त्यांचा अंदाज उलटा आहे. एकाच जातीत जो तुलनेने बऱ्या स्थितीत आहे तो या वाटपात घेतो कमी, देतो जास्त. त्यामुळे बाहेर पडण्यात त्याचं नुकसान थोडं. आणि ज्याचं उत्पन्न जास्त बेभरवशाचं त्याला आधाराची गरज मोठी, म्हणून तो गावालाच धरून राहील. आकड्यांत दोन्ही गोष्टी तशाच निघाल्या. गाव सोडणाऱ्याचा हा तोटा निम्मा भरून काढता आला तर स्थलांतर दुपटीहून जास्त वाढेल, असं त्यांचं गणित सांगतं. ते प्रतिमानातलं गणित आहे, प्रत्यक्ष घडलेली गोष्ट नव्हे, हे लक्षात ठेवून वापरा.

तुमच्या तालुक्यात हे कसं लावायचं? इथून पुढचं बरंचसं विवेचन माझं आहे, मुन्शींचं नाही.

त्यांचा लेख कायमच्या स्थलांतराबद्दल आहे. ऊसतोड हे कायमचं स्थलांतर नाही. दिवाळीच्या आगेमागे तोडणी कामगारांच्या टोळ्या निघतात आणि पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, की मार्च-एप्रिलमध्ये गावी परततात. मला वाटतं, या येण्याजाण्यातच तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आहे. जे कुटुंब दर वर्षी परत येतं त्याचं भावकीतलं खातं बंद होत नाही. उन्हाळ्यातली लग्नं त्याला सापडतात, देणंघेणं फेडता येतं, घर उभं राहतं, रेशनकार्ड आणि मतदारयादीतलं नाव टिकतं. सहा महिने बाहेर कमवायचं आणि उरलेले सहा महिने गावाचा माणूस राहायचं, अशी ही तडजोड आहे. पुण्याच्या बांधकामावर बारा महिन्यांची जास्त कमाई सोडून माणूस उसाच्या फडावर का जातो, हे केवळ मजुरीच्या दराकडे पाहून कळणार नाही.

आणि उचल, म्हणजे कामाआधी मिळणारी आगाऊ रक्कम, विसरू नका. टोळी जमवणारा मुकादम पावसाळ्याच्या सुमारास, म्हणजे घरात सर्वांत तंगी असते तेव्हा, एकरकमी पैसा देतो. त्यातून दवाखाना भागतो, मुलीचं लग्न भागतं, बियाणं येतं. भावकी जे काम थोडंथोडं करते ते मुकादम एकदम करतो. पण भावकीचं देणं अडचण पाहून थांबतं, मुकादमाचं थांबत नाही. उचल फिटली नाही तर बाकी पुढच्या हंगामावर चढते आणि कुटुंब त्या मुकादमाला बांधलं जातं. माझ्या पाहण्यात, ज्या घरांना भावकीकडून काहीच मिळण्यासारखं नव्हतं त्यांचीच उचल सर्वांत मोठी असे. हे तुमच्या तालुक्यात खरं आहे का ते तपासा. तपासता आलं तर प्रबंधातलं ते सर्वांत मोलाचं प्रकरण ठरेल.

आता मुलांची शाळा. इथे तुलना कोकणाशी करून पाहा. रत्नागिरीचा गडी मुंबईच्या गिरणीत गेला तो बहुधा एकटा. खानावळीत जेवला, गावकीच्या खोलीत वळकटी टाकून झोपला आणि महिन्याला मनीऑर्डर केली. बायको आणि पोरं गावी राहिली. ताटातूट होती, बाईच्या वाट्याला शेत, गुरं, म्हातारी माणसं असा सगळा भार होता, आणि मी त्याचं कौतुक करत नाही. पण मुलाचं नाव ज्या शाळेच्या पटावर होतं ती शाळा आणि मूल एकाच गावात होते.

ऊसतोडीत मोजणीचं एकक नवराबायकोची जोडी आहे. एक कोयता म्हणजे तो तोडणार आणि ती मोळ्या बांधणार, डोक्यावर वाहणार. एकट्या माणसाला अर्धा कोयता धरतात. त्यामुळे बाई गावी राहूच शकत नाही, आणि बाई गेली की लहान मूल कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, जातं. जिथे आजी धडधाकट आहे तिथे मूल गावी राहतं. नसेल तर नाही. मुलाची शाळा आईवडिलांच्या शिक्षणावर किंवा इच्छेवर जितकी अवलंबून आहे तितकीच या कामाच्या बांधणीवर आहे. सर्वेक्षणात "पालक शिक्षणाबाबत उदासीन" असा रकाना दिसला की मला राग येतो. पहाटे तीनला गाडी भरायला निघणाऱ्या आईला उदासीन म्हणायचा अधिकार आपल्याला कुणी दिला?

मुलींचं आणखी वेगळं. दहा-अकरा वर्षांची मुलगी फडावर गेली तर धाकट्याला सांभाळते, पाणी आणते, भाकरी टाकते. वयात आलेली मुलगी गावी एकटी ठेवायची भीती आणि फडावर न्यायचीही भीती, म्हणून लग्न उरकतात. शिवाय लग्न झालं की नवा कोयता तयार होतो आणि त्याच्या नावावर उचल मिळते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) वीस ते चोवीस वयाच्या ज्या स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालं होतं, त्यांचं प्रमाण राज्यात सुमारे २२ टक्के होतं आणि बीड जिल्ह्यात त्याच्या जवळपास दुप्पट. प्रबोधनाच्या फलकांनी हा आकडा हलेल असं मला वाटत नाही, कारण त्याच्या मुळाशी कामाचा करार आहे.

इथे मुन्शींचा दुसरा लेख उपयोगी पडतो. तो दादरचा आहे आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. पुष्कळ जण तो "इंग्रजी की मराठी माध्यम" या वादात ओढतात. त्या लेखाने कुठलं माध्यम जास्त चांगलं शिकवतं याचा निवाडा केलेलाच नाही. त्यांनी दादरमधल्या जवळजवळ सगळ्या माध्यमिक शाळांतून १९८२ ते २००१ या काळात पहिलीत गेलेल्या मुलांची माहिती घेतली आणि पाच हजारांच्या आसपास मराठी घरांशी बोलून आधीच्या पिढ्यांचे व्यवसाय नोंदवले. या काळात काय घडलं ते आठवा. गिरणी संप १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला, गिरणगाव मोडलं, मग १९९१ नंतर कार्यालयीन नोकऱ्यांचे पगार वाढत गेले आणि इंग्रजी येणाऱ्याला मिळणारा जादा मोबदलाही वाढला. साहजिकच सगळ्या जातींतली मुलं इंग्रजी माध्यमाकडे वळायला हवी होती.

मुली वळल्या. खालच्या मानल्या गेलेल्या जातींतल्या मुलींनी वरच्या जातींतल्या मुलींशी असलेलं अंतर झपाट्याने कमी केलं. मुलगे मात्र तितके वळले नाहीत. ज्या जातीतल्या आधीच्या पिढीचे पुरुष गिरणी, बंदर, कारखाना अशा कामांत जास्त होते, त्या जातीतले मुलगे मराठी शाळांतच जात राहिले. कारण मामा, काका, गाववाला यांच्या ओळखीने कामाला लागायची वाट त्यांच्यासाठी ठरलेली होती. ती वाट ओळखीवर चालते, आणि हुशार मुलगे बाहेर पडले तर मागे राहिलेल्यांसाठी ती कमजोर होते. म्हणून तिच्यात राहण्याचा न बोललेला आग्रहही असतो. मुलींना त्या जाळ्याने कधी काम दिलंच नव्हतं. त्यांना राखण्यासारखं काही नव्हतं, त्या मोकळ्या सुटल्या. ज्या आधाराने आजोबांना कोकणातून किंवा साताऱ्याहून आणून गिरणीत उभं केलं, त्यानेच नातवाला बदलत्या मुंबईत मागे धरून ठेवलं. माझ्या मते गरिबी आणि विषमतेवरचा गेल्या काही दशकांतला हा सर्वांत महत्त्वाच्या निष्कर्षांपैकी एक आहे, आणि तो आपल्या दादरमधून निघाला आहे.

तुमच्या तालुक्यात हाच प्रश्न असा विचारता येईल : मुकादमांच्या, टोळीच्या ओळखीत पक्क्या बसलेल्या घरांतले मुलगे शाळा लवकर सोडतात का? मुलींची गळती आणि मुलांची गळती यांची कारणं एकच धरू नका.

आता माझा एक आक्षेप, जो प्रबंधात जरूर मांडा. मुन्शींच्या मांडणीत जात म्हणजे परस्पर मदतीचं मंडळ. ती तशी आहेच, पण तेवढीच नाही. मुंबईच्या गिरण्यांत भरती जॉबरमार्फत, म्हणजे कामगार आणणाऱ्या मुकादमामार्फत, व्हायची आणि जॉबर आपल्या गावचे, आपल्या जातीचे लोक आणायचा. त्याच गिरण्यांच्या विणकाम खात्यात, जिथे कमाई चांगली होती, दलित कामगारांना प्रवेश नव्हता. धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि त्याचा विटाळ मानला जाई. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांसमोर ठेवला होता. एका जातीचं जाळं ज्या नोकरीपर्यंत पोहोचवतं, तीच नोकरी दुसऱ्या जातीला बंद असते. ज्यांच्या जाळ्यात वाटून घ्यायला जमीन नाही, पगार नाही, त्यांच्यासाठी "गावातला विमा" हा शब्दच पोकळ आहे. टाउनसेंडच्या आकड्यांत भूमिहीनांना आधार कमी मिळताना दिसला तो याचमुळे, असं मी मानते. तुमच्या जिल्ह्यात ऊसतोडीला जाणाऱ्यांत वंजारी, मराठा, दलित, भटके-विमुक्त असे सगळे आहेत. त्यांची जाळी सारखी नाहीत. "ऊसतोड कामगार" असा एकच गट करून सरासरी काढली तर हे सगळं पुसलं जाईल.

बांगलादेशातल्या रंगपूरचा प्रयोग तुमच्या सरांनी सांगितला असेल, तो थोडक्यात लिहिते. तिथे भात कापणीआधी, सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये, उपासमारीचा काळ येतो. त्याला मोंगा म्हणतात. २००८ मध्ये ब्रायन, चौधरी आणि मोबारक यांनी काही घरांना साडेआठ डॉलरच्या आसपास रक्कम दिली, म्हणजे साधारण बसभाडं, अट एवढीच की घरातल्या एकाने कामासाठी बाहेर जावं. जाणाऱ्यांचं प्रमाण २२ टक्के-बिंदूंनी (म्हणजे दर शंभर घरांमागे २२ घरांनी) वाढलं, मागे राहिलेल्यांचं खाणं सुधारलं, आणि पुढच्या वर्षी पैसे न देताही पुष्कळ जण पुन्हा गेले. उपाशी घराला शहरातला एक फसलेला फेरा परवडत नाही, म्हणून ते फायद्याची वाटसुद्धा आजमावत नाही, असा त्याचा अर्थ. हे पटतं. पण २०१७ मध्ये हीच योजना खूप मोठ्या प्रमाणावर राबवली तेव्हा स्थलांतर फारसं वाढलं नाही, आणि ती चालवणाऱ्या संस्थेने २०१९ मध्ये ती बंद केली. म्हणून "बसभाडं द्या, गरिबी जाईल" असं कुठे लिहू नका. शिवाय बीडमध्ये कामाला बाहेर जाण्याचा पैसा मुकादम आधीच देतो आहे. अडचण जाण्याची नाही, कोणत्या अटींवर जायचं याची आहे.

मग करण्यासारखं काय? जे काम भावकी आणि उचल मिळून करतात त्यातला एखादा भाग दुसरं कुणी विश्वासाने करू शकतं का, अशी प्रत्येक योजनेची परीक्षा घ्या. २०१९ पासून सुरू झालेली आणि २०२२ पर्यंत सगळ्या राज्यांत पोहोचलेली एक देश एक रेशनकार्ड योजना या दिशेची आहे, कारण त्यामुळे धान्याचा हक्क माणसाबरोबर फिरू शकतो. मात्र फडाजवळच्या दुकानात ते धान्य खरोखर मिळतं का, हे कोपीवर जाऊनच कळेल. आईवडील तोडणीला गेल्यावर मुलांना गावातच ठेवणारं हंगामी वसतिगृह चांगलं चाललं तर आजीची जागा काही प्रमाणात भरून निघते. पण ते दिवाळीनंतर महिनाभराने सुरू झालं तर काही उपयोग नाही, टोळी तोवर गेलेली असते. तोडणीच्या ठिकाणी मुलांसाठी चालणाऱ्या साखरशाळांबद्दल माझं मत मिश्र आहे. मूल आईजवळ राहतं हे मोठं, पण टोळी एका फडावरून दुसऱ्या फडावर हलते आणि शाळा जागेवर राहते. पर्याय निवडायचाच तर मी गावातलं वेळेवर उघडणारं वसतिगृह निवडेन.

सर्वेक्षणाबद्दल शेवटचं. टोळ्या गावात असताना, म्हणजे मे ते सप्टेंबरमध्ये, घरी जा. फडावर मुलाखत घेतली तर मुकादम दहा पावलांवर उभा असतो. बाईशी वेगळं बोला, शक्यतो दुसऱ्या बाईकडून प्रश्न विचारून घ्या. "किती उचल घेतली" हा प्रश्न सुरुवातीला टाकू नका. आधी विचारा की गेल्या मोठ्या दुखण्याला पैसा कुठून आणला, मग पावसाने पीक गेलं तेव्हा कुठून, मग लग्नाला कुठून. या उत्तरांतून भावकी, सोयरे, बचत गट, सावकार, मुकादम असं प्रत्येक घराचं आधाराचं चित्र मिळेल आणि उचल आपोआप पुढे येईल. मुली कुठे दिल्या, ती गावं किती लांब, हेही लिहून घ्या.

मुलांच्या बाबतीत "शाळेत नाव आहे का" या प्रश्नाला जवळजवळ सगळे हो म्हणतील आणि ते खोटं नसेल. शिक्षण हक्क कायद्यानंतर पटावरून नाव सहसा काढत नाहीत. त्याऐवजी शाळेत बसून हजेरीपटातले नोव्हेंबर ते मार्चचे महिने प्रत्येक मुलाचे वेगळे उतरवून घ्या, त्यांच्याशेजारी ऑगस्टची हजेरी ठेवा. स्थलांतर करणाऱ्या मुलाला शिक्षण हमी पत्रक देण्याची पद्धत आहे. ते दिलं होतं का, आणि पोहोचलेल्या गावातल्या शाळेने ते पाहिलं का, हे मुलालाच विचारा. मुख्याध्यापकांना विचारणारे आधीच खूप आहेत.